नमुना क्रमांक ६५३५१४

१९६५ साली नागपूर तापाने फणफणले होते. घरातला एक जण उठून बसतो न बसतो तोच दुसरा अंथरूण धरत होता. अंग मोडून यायचे, सांधे धरायचे, कुणाच्या अंगावर पुरळ उठायचे. ताप उतरला तरी उठता-बसता गुडघे बोलायचे. दोन वर्षांपूर्वी, १९६३ मध्ये, असाच ताप कलकत्त्यात पसरला होता, नंतर तो मद्रासकडे दिसला आणि आता मध्य भारतात येऊन पोहोचला होता. हा चिकुनगुन्या. त्याच्या जोडीने डेंग्यूही शहरात होता. दोन्ही विषाणू एकाच डासाच्या, एडिस इजिप्तीच्या, अंगाखांद्यावर बसून घराघरांत शिरतात, त्यामुळे रांजणात आणि पिंपात पाणी भरून ठेवणाऱ्या शहरात दोघांनाही मोकळे रान होते.

या तापाचा माग काढायला पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची माणसे नागपुरात उतरली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि अमेरिकेतले रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून १९५२ मध्ये ही संस्था उभारली होती. आज आपण तिला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, म्हणून ओळखतो. हे नाव १९७८ पासूनचे. संस्था जेमतेम पाच वर्षांची असताना, १९५७ मध्ये, तिच्या शास्त्रज्ञांनी शिमोग्याच्या जंगलातली माकडे पटापट का मरत आहेत याचा शोध लावला होता. क्यासनूर जंगलताप तेव्हा जगाला कळला. त्यामुळे या लोकांना एक शिस्त अंगवळणी पडली होती. जिथे ताप असेल तिथे जायचे, आजाऱ्याचे रक्त पहिल्या दोन-तीन दिवसांतच घ्यायचे, आसपासचे डास-माश्या पकडायच्या आणि प्रत्येक नमुन्याला क्रमांक देऊन नोंदवहीत चढवायचे.

या शेवटच्या गोष्टीकडे, क्रमांक देण्याकडे, माझे लक्ष पुन्हा पुन्हा जाते. रक्त, बर्फ, सातशे किलोमीटरचा पुण्याचा प्रवास, मग प्रयोगशाळेत उंदरांची नुकतीच जन्मलेली पिल्ले आणि काचेत वाढवलेल्या पेशी. रक्तातला पातळ भाग त्यांच्यात सोडायचा आणि वाट पाहायची. पिल्ले आजारी पडली, पेशी मोडून पडल्या, तर आत काहीतरी जिवंत आहे. ते काय आहे हे ओळखायला ओळखीच्या विषाणूंविरुद्धची प्रतिद्रव्ये एकेक करून त्यावर घालून बघायची. जे प्रतिद्रव्य त्याला आवरते, त्याचे नाव त्याला द्यायचे. त्या वर्षीच्या नागपूरच्या नमुन्यांपैकी ६५३४९६ या क्रमांकातून चिकुनगुन्या निघाला. त्या क्रमांकाचा विषाणू अजून शास्त्रज्ञांच्या अभ्यासात वापरला जातो. आकड्यातले पहिले दोन अंक सालाचे. त्याच नोंदींत अवघ्या अठरा क्रमांकांपुढे ६५३५१४ हा नमुना येतो, आणि तो मात्र कुठल्याच ओळखीच्या प्रतिद्रव्याला जुमानत नव्हता.

नागपूरच्या दोन तापकऱ्यांच्या रक्तात हा अनोळखी विषाणू सापडला. दोघांनाही त्या साथीतल्या हजारोंसारखा ताप होता. पी. एन. भट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी त्याचा अभ्यास करून १९६७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये तो जगापुढे मांडला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नाव जागेवरून ठेवले : चांदीपुरा. ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या क्षेपणास्त्र चाचणीच्या चांदीपूरशी त्याची अनेकदा गल्लत होते, म्हणून सांगून ठेवतो, हे चांदीपुरा नागपूरचे.

पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आकार दिसला. एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला सपाट, थेट बंदुकीच्या गोळीसारखा. या घडणीच्या विषाणूंचे एक कुळ आहे, आणि त्या कुळातला सर्वांत कुप्रसिद्ध सदस्य म्हणजे रेबीज. चांदीपुराचा त्याहून जवळचा भाऊबंद अमेरिकेतल्या गुराघोड्यांच्या तोंडाला फोड आणणारा विषाणू आहे. तो माणसाला सहसा फार त्रास देत नाही. कदाचित म्हणूनच नागपूरच्या या नव्या विषाणूकडेही कुणी धास्तीने पाहिले नाही. शोध लागला, निबंध छापला, नमुना शीतपेटीत गेला.

पुढची जवळजवळ चाळीस वर्षे चांदीपुरा हा तज्ज्ञांपुरता विषय राहिला. तो कुठे कुठे आहे हे मात्र हळूहळू कळत गेले. देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या लोकांच्या आणि जनावरांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली, म्हणजे तो गुपचूप येऊन जात होता. १९७० मध्ये धांडा, रॉड्रिग्ज आणि घोष यांनी औरंगाबाद भागात पकडलेल्या वाळूमाशीतून तो वेगळा काढला. आफ्रिकेत नायजेरियातल्या साळूसारख्या एका छोट्या काटेरी प्राण्यात आणि नंतर सेनेगलमधल्या वाळूमाश्यांतही तो मिळाला. आणि १९८० मध्ये जबलपूर आणि रायपूर जिल्ह्यांत मुलांमध्ये मेंदूच्या आजाराची साथ आली, तेव्हा एका रुग्णाच्या रक्तात पुन्हा हाच गोळीच्या आकाराचा विषाणू दिसला. रॉड्रिग्ज त्या तपासातही होते. त्यांनी तो निष्कर्ष १९८३ मध्ये छापला.

माझ्या मते इथे इशारा मिळाला होता. जबलपूर आणि रायपूर नागपूरपासून रस्त्याने एका दिवसाच्या आत आहेत. तिथल्या कितीतरी घरांतले गंभीर आजारी पोर नागपूरलाच येते. पण एका रुग्णातला एक विषाणू हा साथीचा पुरावा होत नाही, आणि शास्त्राने तसे मानले नाही यात शास्त्राची चूकही नाही. मात्र त्यानंतर मुलांच्या मेंदूज्वराच्या प्रत्येक साथीत चांदीपुरा शोधण्याची पद्धत पडली असती तर पुढचे चित्र लवकर स्पष्ट झाले असते, एवढे म्हणायला जागा आहे.

मेंदूज्वर हा शब्द आपण सरसकट वापरतो. त्या शब्दाखाली बरेच काही मावते. पण या सगळ्या आजारांत जीव घेणारी गोष्ट बहुधा एकच असते : कवटीच्या आत वाढलेला दाब.

कवटी हाडाची, बंद. आत तीनच गोष्टी : मेंदू, रक्त आणि मेंदूभोवती खेळणारे पाणी. यातले एक वाढले की दुसऱ्या दोघांना जागा सोडावी लागते. या विचाराचा पाया एडिनबराच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्येच घातला होता. मेंदूला थोडी सूज आली की आधी पाणी कण्यातल्या पोकळीकडे सरकते, मग शिरांमधले रक्त बाहेर निघते. तोवर बाहेरून फारसे कळत नाही. ही सोय संपली की मात्र सुजेची पुढची रेघसुद्धा महागात पडते. दाब एकदम चढतो, मेंदूला रक्त पोहोचेनासे होते, आणि अखेरीस मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाच्या भोकातून खाली दाबला जातो. श्वास चालवणारे केंद्र तिथेच असते.

तान्ह्या बाळाची गोष्ट थोडी वेगळी असते. त्याची टाळू अजून भरलेली नसते. आपल्याकडे आजी रोज सकाळी बोटांनी तेल जिरवते तीच ही जागा. आत दाब वाढला की टाळू फुगते, ताठ होते, आणि अनुभवी हाताला ते लगेच कळते. टाळू दीड-दोन वर्षांत बंद होते. त्यानंतरच्या मुलाच्या कवटीला असा झरोका उरत नाही. मग उरतात त्या खुणा : डोके ठणकणे, मळमळ नसताना भसाभस उलटी होणे, झटके, ग्लानी, नाडी मंद होत जाणे आणि एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन प्रकाशाला न हलणे. ‘ताप डोक्यात गेला’ असे घरातली म्हातारी माणसे म्हणतात तेव्हा त्यांनी यातल्याच दोन-तीन गोष्टी पाहिलेल्या असतात.

विदर्भात हा दाब वाढवणारे रोग पुष्कळ. क्षयाचा मेंदूज्वर दबक्या पावलांनी येतो. पोर आठवडेच्या आठवडे किरकिरते, खात नाही, आणि मेंदूतले पाणी तुंबून कवटीत साचते. मग मेंदूतून पोटापर्यंत बारीक नळी घालून ते पाणी काढून द्यावे लागते. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हिवतापाचा फाल्सिपेरम जंतू मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या अडवतो. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांतून जपानी मेंदूज्वराचा डास उठतो. वाहता कान दुर्लक्षित राहिला तर त्यातून मेंदूत गळू होते, आणि फिताकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत गाठी होऊन झटके येणारे रुग्णही नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांत नवे नसतात. यांतल्या प्रत्येकाची चाल वेगळी, आणि बहुतेकांवर औषध आहे. क्षयावर आहे, हिवतापावर आहे, जिवाणूंच्या मेंदूज्वरावर आहे. जपानी मेंदूज्वरावर औषध नसले तरी लस आहे. चांदीपुरावर औषध नाही आणि बाजारात लसही नाही. आणि त्याच्यासारखा वेग या यादीत क्वचितच दुसऱ्या कुणाला असतो.

तो वेग २००३ च्या पावसाळ्यात कळला. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, आजच्या तेलंगणच्या करीमनगर आणि वारंगळकडच्या गावांत मुले मरू लागली. गडचिरोलीच्या सिरोंच्याहून गोदावरी ओलांडली की हाच मुलूख लागतो. सकाळी खेळणारे पोर दुपारी तापते, संध्याकाळी झटके देते आणि दुसऱ्या दिवशी जाते, अशी ही साथ. ३२९ मुले आजारी पडली, १८३ दगावली. शंभरात पंचावन्न. सुरुवातीला जपानी मेंदूज्वराचा संशय होता, कारण त्या भागात तो होताच. पण नमुने जुळेनात. पुण्यात रक्त आणि घशातले नमुने पेशींवर घातले, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तीच एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला सपाट आकृती दिसली. अडतीस वर्षांपूर्वी नागपूरच्या दोन तापकऱ्यांत सापडलेला विषाणू आता मुलांच्या मृत्यूंमागे उभा होता. बी. एल. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले. त्यांनी ताज्या विषाणूची तुलना कशाशी केली? ६५३५१४ शी. १९६५ मध्ये कुणाला त्याचा काही उपयोग दिसत नव्हता, तरी तो जपून ठेवला होता, म्हणून २००३ मध्ये ओळख पटली. मला या साऱ्या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती ही जपणूक. तिच्यासाठी कुणाला पदक मिळत नाही.

त्या साथीने एक वादही उभा केला. हैदराबादच्या काही बालरोगतज्ज्ञांचे म्हणणे असे, की हा मेंदूचा दाह नव्हेच. मुलांच्या शरीराची एक बाजू लुळी पडते, मेंदूच्या एका रक्तवाहिनीच्या हद्दीत बिघाड दिसतो, तेव्हा हा साथीने येणारा मेंदूचा झटका आहे, रक्तवाहिनीचा आजार आहे. या वादाला खाटेजवळ फार अर्थ होता. दाह असेल तर मेंदूभोवतीच्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढायला हव्यात. या मुलांच्या पाण्यात त्या बऱ्याचदा फारशा वाढलेल्या नसत. वाढलेला असे तो दाब. वाद कुणी जिंकला असे म्हणता येणार नाही. पण मुलाला मारते ती मेंदूची सूज, आणि ती उतरवण्यासाठी हातात काही तास असतात, एवढे दोन्ही बाजूंना मान्य होते.

२००४ मध्ये गुजरातच्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत साथ आली. मुले थोडी, पण त्यांतली ७८ टक्के गेली, बहुतेक दवाखान्यात आणल्यापासून एका दिवसाच्या आत.

आणि २००७ मध्ये तो नागपूरला परतला. परतला हा शब्द शास्त्राच्या दृष्टीने बरोबर नाही. तो इथून कधी गेलाच नव्हता असे मानायला आधार आहे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत नागपूर विभागात मेंदूज्वराची ७८ मुले नोंदली गेली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे सहा जिल्हे मिळून हा विभाग होतो. ७८ पैकी ३४ मुले दगावली. एनआयव्हीच्या वाय. के. गुरव आणि सहकाऱ्यांनी तपास केला तेव्हा निम्म्या मुलांत, ३९ जणांत, चांदीपुरा सिद्ध झाला. सगळ्यांना ताप होता, चारांतल्या तिघांना झटके आले होते, बऱ्याच जणांना उलट्या आणि काहींना जुलाब. आजारी मुलांच्या सहवासातल्या, कसलाही त्रास नसलेल्या माणसांच्या रक्तातही विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये मिळाली. म्हणजे वस्तीत तो पुष्कळांना शिवून गेला होता. बहुतेकांना कळलेही नव्हते. थोड्या मुलांच्या मेंदूपर्यंत तो का पोहोचला हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे.

जुलाब आणि उलट्यांनी या आजारात मोठा घोटाळा होतो. पावसाळ्यात पोराला उलटी-जुलाब झाले तर गावात कुणाच्याही मनात आधी ‘बाधले’ असे येते. ओआरएस दिले जाते, तापाची बाटली दिली जाते, एक रात्र बघू म्हटले जाते. यात आईबापांचा दोष काढण्यासारखे काही नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव पोरांना तेवढ्याने बरे वाटते. चांदीपुराच्या पोराची मात्र ती एक रात्रच असते. मध्यरात्री पहिला झटका आला की धावाधाव सुरू होते. प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याचे, तिथून मेडिकल. प्रत्येक ठिकाणी कागद, सलाईन आणि ‘पुढे न्या’. २००७ मध्ये १०८ ची रुग्णवाहिका नव्हती. ती महाराष्ट्रात २०१४ मध्ये आली. गावातल्या कुणाची जीप, नाहीतर मोटारसायकलवर दोघांच्या मधे पोर. आणि झटके चालू असतात तोवर दर मिनिटाला मेंदूची सूज वाढत असते.

वॉर्डात पोचल्यावर काय करतात ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात नवलाचे औषध काहीच नाही. आधी झटका थांबवायचा. श्वास कमी पडत असेल तर नळी घालून यंत्राला जोडायचे, कारण रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि दाब आणखी चढतो. डोके तीस अंश उंच, मान सरळ, डावी-उजवीकडे कलंडलेली नको. मान वळली तरी गळ्यातली शीर दबते आणि डोक्यातले रक्त खाली उतरत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावून मान मधोमध ठेवतात. नर्स दर तासाला टॉर्च मारून दोन्ही बाहुल्या बघते आणि कागदावर लिहिते. साखर तपासायची, ताप खाली आणायचा, सलाईन मोजून द्यायचे. आणि मॅनिटॉल.

मॅनिटॉल ही एक प्रकारची साखर. पाण्यात वीस टक्के विरघळवून बाटलीत भरलेली असते. शिरेतून भराभर दिली की रक्त घट्ट होते आणि ते सुजलेल्या मेंदूतले पाणी ओढून घेते. ते पाणी मग लघवीवाटे बाहेर पडते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मेंदूच्या शस्त्रक्रियांत तिचा वापर सुरू झाला, म्हणजे नागपुरात हा विषाणू सापडला तेव्हा ती जगालाच नवी होती. या द्रावणाची एक खोड आहे. गारव्यात साखरेचे स्फटिक बनून ते बाटलीच्या तळाशी बसते. मग बाटली गरम पाण्यात धरायची, हलवायची, उजेडासमोर धरून एकही कण उरला नाही ना हे बघायचे, अंगाइतकी कोमट झाली की लावायची. खाटेवर पोर झटके देत असताना ते कण विरघळण्याची वाट बघणाऱ्या हातांचा धीर काय असेल! अलीकडे बऱ्याच ठिकाणी तीन टक्के मिठाचे पाणी वापरतात. त्याने रक्तदाब कोसळण्याचा धोका कमी असतो. पण दोन्ही उपायांनी मिळतो तो वेळ. विषाणूला ते हात लावत नाहीत.

कण्यातून पाणी काढून तपासणे हा मेंदूज्वराच्या निदानाचा पाया. जर्मनीतल्या हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये ही रीत घालून दिली, आणि त्या पाण्याचा दाब मोजायलाही त्यांनीच सुरुवात केली. पण दाब फारच वाढलेला असताना खालून पाणी काढले तर वरचा मेंदू खाली सरकण्याची भीती असते. म्हणून डॉक्टर आधी डोळ्यात दुर्बीण लावून मागच्या पडद्यावरची नस सुजली आहे का ते पाहतात. चांदीपुरा इथेही फसवतो. ती नस सुजायला वेळ लागतो, आणि हा रोग तेवढा वेळ देत नाही. नस ठीक दिसते, आणि तरीही दाब टोकाला गेलेला असतो. अशा वेळी अनुभवी बालरोगतज्ज्ञ पाणी काढण्याची घाई करत नाही, आधी दाब उतरवतो. नमुना पुण्याला जातो, निकाल येतो. तोपर्यंत पोराचे काय व्हायचे ते बहुतेक वेळा होऊन गेलेले असते. चांदीपुराच्या प्रयोगशाळेतल्या निदानाने पुढच्या गावाचे रक्षण होते. खाटेवरच्या पोराला त्याचा उपयोग क्वचितच होतो.

पुढच्या गावाचे रक्षण म्हणजे वाळूमाशीशी सामना. ही माशी बघितलेली माणसे थोडी, चावलेली पुष्कळ. डासाच्या चौथ्या हिश्शाएवढी, दोन-तीन मिलिमीटरची, पिवळट-राखाडी, अंगभर केस, बसली की पंख उभे. ती भुणभुण करत नाही, त्यामुळे कान तिला पकडत नाहीत. उडते म्हणण्यापेक्षा उड्या मारते, जमिनीलगत, थोड्या अंतरापर्यंतच. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून आत येते. दिवसभर मातीच्या भिंतीच्या भेगेत, गोठ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, उकिरड्याजवळ दडी मारून बसते आणि अंधार पडला की निघते. अंडी पाण्यात घालत नाही. शेण आणि पालापाचोळा मुरलेल्या ओलसर मातीत घालते. साचलेले पाणी ओतून द्या हा डासांसाठीचा कानीकपाळी ओरडून सांगितलेला सल्ला इथे निरुपयोगी ठरतो. इथे भेगा बुजवाव्या लागतात, भिंत लिंपावी लागते, गोठा घरापासून लांब न्यावा लागतो आणि माणसाच्या उंचीपर्यंत भिंतींवर कीटकनाशक फवारावे लागते.

हिवताप निर्मूलनाच्या काळात घरोघरी डीडीटी फवारले गेले तेव्हा डासांबरोबर वाळूमाशीही मागे हटली होती. फवारणी थंडावली तशी ती भेगांत परतली. कुडाच्या आणि मातीच्या भिंती, एकाच छताखाली माणसे आणि जनावरे, दाराशी शेणखताचा ढीग : विदर्भातल्या, तेलंगणातल्या आणि गुजरातच्या डोंगरपट्टीतल्या ज्या घरांत ही मुले गेली त्या घरांचे वर्णन असेच आहे. श्रीमंतांच्या पोराला हा रोग सहसा होत नाही, हे स्पष्ट लिहिलेले बरे. पक्क्या भिंतीचे घर हेही चांदीपुराविरुद्धचे साधन आहे. त्याला मात्र आरोग्य खात्याच्या तक्त्यात रकाना नाही.

पुण्याच्या कीटकशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाळूमाश्या पाळून आणखी एक गोष्ट दाखवून दिली. बाधित नर मादीला समागमातून विषाणू देतो, आणि बाधित मादीच्या अंड्यांतून तो पुढच्या पिढीत उतरतो. म्हणजे पावसाळा सरला, मुले आजारी पडायची थांबली, तरी माशीच्या वंशात विषाणू टिकून राहू शकतो.

२०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत साबरकांठा, अरवलीकडून पुन्हा बातम्या येऊ लागल्या आणि महाराष्ट्रातही आरोग्य यंत्रणेला सावध करण्यात आले. जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ६४ जणांत चांदीपुरा सिद्ध झाला : ६१ गुजरातेतले, ३ राजस्थानातले. जागतिक आरोग्य संघटनेने हिला वीस वर्षांतली सर्वांत मोठी साथ म्हटले. मृत्यूचे प्रमाण या साथीत तेहेतीस टक्के, म्हणजे २००३ च्या पंचावन्नहून आणि २००७ च्या त्रेचाळीसहून कमी. ही सारी मुले चांदीपुराची नव्हती, तेव्हा आकडे एकाशेजारी एक ठेवून निष्कर्ष काढताना जपून राहायला हवे. तरीही झटके लवकर थांबवणे, मुलाला लवकर यंत्रावर घेणे आणि वाटेतले थांबे कमी होणे यांनी फरक पडतो, हे या रोगाशी झुंजलेला कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगेल.

लसीचे काम पुण्यात झाले आहे. माकडाच्या पेशींवर वाढवून निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस उंदरांत यशस्वी ठरली, आणि तो निबंध २०११ मध्ये छापला गेला. माणसांपर्यंत ती आलेली नाही. थोड्या गरीब जिल्ह्यांत, काही वर्षांच्या अंतराने, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत येणाऱ्या रोगाच्या लशीत पैसा घालायला कारखाने पुढे येत नाहीत. हे काम सरकारनेच अंगावर घ्यायला हवे.

माशीबद्दलचा एक प्रश्न मात्र नागपुरातच पुन्हा उघडा पडला. वाळूमाश्यांचे दोन मोठे गट आपल्याकडे आहेत. फ्लेबोटोमस माणसाला आणि गुरांना चावते आणि चांदीपुरा तीच पसरवते असे बराच काळ धरले जात होते. सर्जेन्टोमिया या दुसऱ्या गटातल्या माशीचा ओढा मुख्यतः पाली-सरड्यांच्या रक्ताकडे, म्हणून तिच्याकडे कुणी फारसे बघत नव्हते. करीमनगरात तिच्यात विषाणूचा अंश सापडला होता. मग ए. बी. सुदीप आणि सहकाऱ्यांनी नागपूर भागात पकडलेल्या सर्जेन्टोमिया माश्यांतून जिवंत चांदीपुरा वेगळा काढला आणि २०१४ मध्ये ते जाहीर केले. साथीनंतर तेलंगणातल्या डुकरांच्या, म्हशींच्या आणि शेळ्यामेंढ्यांच्या रक्तात प्रतिद्रव्ये मिळाली होती. आता भिंतीवरची पालही या हिशेबात धरायची का, हे तपासायला कीटकशास्त्रज्ञ संध्याकाळी गोठ्यांतून फिरतात, भेगेशी टॉर्च धरतात, काचेच्या नळीने एकेक माशी ओढून घेतात आणि कुठल्या घरातली, कुठल्या भिंतीवरची, कुठल्या तारखेची हे लिहून नळीवर क्रमांक टाकतात.